पाच वर्षांची प्रार्थनावही: पूर्ण वापरून झाल्यावरचं मत

31 डिसेंबरला वही संपली. 1 जानेवारी 2021 ला सुरू केली होती, म्हणजे 1,826 दिवस झाले. त्यातल्या साधारण एक तृतीयांश चौकटी कोऱ्या आहेत हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई फार शिस्तीची. या वहीबद्दलची जी मतं मी वाचली, ती सगळी वही हातात पडल्याच्या आठवड्यातली होती. कव्हर छान, वचनं सुंदर, पॅकिंग व्यवस्थित. पाच वर्षांच्या वहीचं मत पाच वर्षांनीच द्यावं असं ठरवलं आणि तेवढी एक वाट तरी शेवटपर्यंत पाहिली.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी रचना सांगते. 366 पानं, एका तारखेला एक पान. वार छापलेला नाही. पानावर एकाखाली एक पाच चौकटी, प्रत्येकीत पाच ओळी, आणि कोपऱ्यात वर्ष आपण लिहायचं. म्हणजे 9 मार्चचं पान उघडलं की यंदाच्या चौकटीच्या वर गेल्या वर्षीचा 9 मार्च, त्याच्या वर परवाच्या वर्षीचा. उजव्या कडेला 'उत्तर' असा अरुंद रकाना, त्यात टिक आणि तारीख मावेल एवढीच जागा. पानाच्या डोक्यावर पवित्र शास्त्रातलं एक वचन. शेवटी शंभर ओळींची यादी: विनंती, मागितल्याची तारीख, उत्तर मिळाल्याची तारीख.

आधी सामानाबद्दल. शिवण उत्तम आहे, वही मधोमध उघडली की सपाट पडून राहते. माझी नोकरी नर्सची, बरीचशी नाईट ड्यूटी, आणि लिहायची वेळ पहाटे साडेतीन-चारची, काउंटरवर, एका हाताने. त्यामुळे सपाट उघडणं हा माझ्यासाठी मोठा गुण. कागद पातळ आहे. जेल पेन मागच्या पानावर उमटतो, साधं बॉलपेन घ्या. कव्हरवरची सोनेरी अक्षरं दीड वर्षात गेली, त्याचं मला काही नाही. 29 फेब्रुवारीचं पान माझ्या वहीत फक्त 2024 साली वापरलं गेलं. उरलेल्या चार चौकटी कायमच्या कोऱ्या. त्या पानावर दुसरं काही छापलं असतं तरी चाललं असतं.

खुणेची लाल रिबीन दुसऱ्या वर्षीच विरून तुटली. मी तिथे लाल दोरा ओवला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर शिक्षकांनी तो पाहिला आणि विचारलं, "राहाबेचा का?" यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब नावाची बाई आपलं घर वाचावं म्हणून खूण म्हणून खिडकीला किरमिजी दोरी बांधते, त्या दोरीला मूळ हिब्रूत 'तिक्वा' म्हटलंय, आणि आशा या अर्थाचा नेहमीचा हिब्रू शब्दही 'तिक्वा'च. ज्या धातूशी तो जोडतात तो वाट पाहण्याचा, यशयाच्या 40 व्या अध्यायातल्या गरुडाच्या पंखांच्या वचनात आहे तोच. हे त्यांनी सांगितल्यापासून मला रिबीन तुटल्याची तक्रार नीट करता येत नाही. पण तक्रार खरी आहे. पाच वर्षांच्या वहीची रिबीन पाच वर्षं टिकायला हवी.

पहिलं वर्ष कंटाळवाणं जातं, हे विकणारे सांगत नाहीत. वरती काहीच नसतं, आपण साधी डायरीच लिहीत असतो. शिवाय माझं पहिलं वर्ष महासाथीचं होतं. त्यातल्या काही महिन्यांच्या चौकटींत फक्त बेड नंबर आहेत. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

वही कशासाठी आहे ते दुसऱ्या वर्षी कळतं. 2022 मध्ये एका तारखेला लिहायला गेले, तर वर माझ्याच अक्षरात होतं, "नव्या इन्चार्ज सिस्टरशी जमू दे, नाहीतर बदली तरी मिळू दे." वाचून हसू आलं. कारण त्याच इन्चार्जबाई त्या रात्री माझ्या शेजारी बसून स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवत होत्या. कधी जमलं, मला माहीतच नव्हतं. टिक करायला रकान्याशी पेन नेला आणि अडले, तारीख कुठली घालू? असं एक दिवसात झालेलंच नव्हतं. नुसती टिक केली. अशा बिनतारखेच्या टिका माझ्या वहीत पंधरा-वीस तरी आहेत, आणि वर्षभरानंतरची चौकट खाली नसती तर त्यातली एकही झाली नसती. मागितलेलं मी विसरले होते. एवढ्या एका गोष्टीसाठी वहीची शिफारस करायला मी तयार आहे.

आता वचनांबद्दल. इथे माझी तक्रार मोठी आहे. निवडणाऱ्यांनी गोडगोड तेवढं वेचलंय. यिर्मयाचं 29:11 तीन वेगवेगळ्या पानांवर आहे, तुमच्या हिताचे संकल्प, भविष्य आणि आशा, सगळ्यांना पाठ असलेलं. त्याच्या आदलं दहावं वचन एकदाही नाही. दहाव्यात परमेश्वर सांगतो की बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमची विचारपूस करीन आणि तुम्हाला परत आणीन. सत्तर! बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र; ते ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांचं उरलेलं आयुष्य तिथेच जाणार होतं. आणि पत्राच्या सुरुवातीला काय करायला सांगितलंय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेऊन ठेवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पेट्या बांधून दाराशी बसा असं सांगितलेलं नाही. त्याच्याच आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना कुणाचं बोलणं हवंसं वाटलं असेल ते सांगायला नको. हनन्याचं म्हणणं खोटं ठरलं आणि तो त्याच वर्षी मेला. या वहीच्या संपादकांनी अकरावं वचन सुटं छापून यिर्मयाच्या तोंडी नकळत हनन्याचं बोलणं घातलंय, असं माझं मत आहे. कडक वाटलं तर वाटो. गंमत म्हणजे त्या अकराव्या वचनातली 'आशा' म्हणजेही तिक्वाच. दोरी तीच, फक्त सत्तर वर्षं लांब.

स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र संपूर्ण वहीत कुठेही नाही. ते अंधारात संपतं, शेवटच्या ओळीतही दिवा लागत नाही, म्हणून गाळलं असावं. 13 व्या स्तोत्रातली शेवटची आनंदाची ओळ घेतलीय आणि सुरुवातीचं 'कोठवर' सोडलंय. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा 'कोठवर' विचारतो. मी त्या पानावर समासात चार उभ्या रेघा मारल्यात. पवित्र शास्त्रात वाट पाहणारे एवढे कुरकुरतात, आणि वहीतल्या वचनांत कुणीच कुरकुरत नाही.

पहिल्या पानावर वापरण्याच्या सूचना आहेत आणि सिग्नलचं चित्र. हिरवा म्हणजे देवाचं 'होय', लाल म्हणजे 'नाही', पिवळा म्हणजे 'थांब'. हे चित्र मुलांच्या रविवारच्या शाळेत ठीक आहे. मी स्वतः रात्रभर लोकांना 'थांबा' सांगणारी बाई आहे. "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" "थांबा जरा." "सिस्टर, रिपोर्ट?" "थांबा." त्या शब्दाने नातेवाइकांचं कधी समाधान झालेलं मी पाहिलं नाही, आणि व्हावं तरी का? जे थोडेफार निवांत होतात ते मला वॉर्डात फिरताना पाहून, शब्दाने नाही. स्तोत्रांतही देव 'थांब' असं म्हणताना फारसा सापडत नाही. 62 व्या स्तोत्रात भक्तच आपल्या जिवाला समजावतो की देवापाशी निवांत राहा. स्वतःच स्वतःला सांगावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी परत. सिग्नलच्या चित्रात हे येत नाही.

ज्या पानाबद्दल खरं म्हणजे लिहायचं होतं ते 14 नोव्हेंबरचं. 2021 च्या चौकटीत आहे, "आईचं ऑपरेशन नीट होऊ दे." टिक, तारीख. 2022: "आईला चालता येऊ दे, काठी घेऊन का होईना." टिक नाही. 2023: "आईला त्रास होऊ नये." 2024 ची चौकट कोरी. 2025 ला नुसतं "आई" एवढं लिहिलंय, पुढे पूर्णविरामही नाही.

2023 च्या त्या चौकटीसमोर रकाना आहे. आई तीन आठवड्यांनी गेली. झोपेत, माझा हात तिच्या पायावर असताना. आता टिक करायची की नाही? त्रास झाला नाही म्हणून 'होय'? की वरच्या चौकटीतलं चालणं राहून गेलं म्हणून 'नाही'? मंडळीतल्या एक मावशी भेटायला आल्या, त्यांनी वही उघडी पाहिली आणि प्रेमाने म्हणाल्या, "अगं, कधी कधी त्याचं उत्तर 'नाही' असतं." मी चहा ठेवायला उठले. त्या चांगल्या बाई आहेत. पण योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आणि मरीया दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन येशूला एकच वाक्य ऐकवतात, प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता, आणि तो त्यांना सिग्नल समजावून सांगत नाही. रडतो. त्याआधी मात्र तो मुद्दाम दोन दिवस उशिरा निघालेला असतो, पोहोचतो तेव्हा लाजाराला कबरेत चार दिवस झालेले. योहान लिहितो की या तिघांवर त्याची प्रीती होती, आणि लगेच पुढचं वाक्य, म्हणून लाजार आजारी आहे हे ऐकल्यावरही होता तिथेच तो दोन दिवस राहिला. 'म्हणून' हा जोडशब्द मूळ ग्रीकमध्ये आहे. तिथे 'तरी' असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या 'म्हणून'पाशी मी गेली दोन वर्षं उभी आहे.

14 नोव्हेंबर 2023 चा रकाना मी कोरा ठेवलाय. त्यानंतर शेवटची यादीही भरणं बंद केलं. मागितल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, हे आमच्या स्टोअरच्या रजिस्टरसारखं वाटायला लागलं. शंभरातल्या 41 ओळींवर ती थांबलीय.

कोऱ्या चौकटींचं मला आधी फार वाईट वाटायचं. आठ-आठ दिवस वहीला हात लागलेला नसायचा आणि मग अपराध्यासारखं वाटून पुढचे दोन महिने तिच्याकडे बघायचेच नाही. मग एकदा उत्पत्तीचं पुस्तक वाचताना लक्षात आलं. 16 वा अध्याय संपतो तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा आहे. 17 वा सुरू होतो तेव्हा 99. मधे एका रेघेचं अंतर. तेरा वर्षांबद्दल एक अक्षर नाही, देव बोलला नाही, अब्राहामाने काही मागितलं का तेही नाही. या वहीच्या हिशोबाने अडीच वह्या कोऱ्या! आणि ती तेरा वर्षंही सुखाची नव्हती, कारण वाट पाहणं सहन न होऊन केलेला हागारचा प्रकार (देवाने कबूल केलेलं मूल होईना म्हणून बायकोची दासी हागार हिच्यापासून झालेला मुलगा) त्याच्या घरात वाढत होता, आणि त्याची किंमत अब्राहामापेक्षा हागारनेच जास्त मोजली. कबूल केलेला मुलगा इसहाक झाला तेव्हा अब्राहाम शंभराचा. माझ्या आठ दिवसांचं मला जरा हसू आलं. वहीवाल्यांनी प्रस्तावनेत 'एकही दिवस चुकवू नका' असं ठळक छापलंय, ते मी बॉलपेनने खोडलं.

माझाही एक हागारचा प्रकार आहे. की शौल राजाचा म्हणू? धाकटा भाऊ 2020 पासून आमच्याशी बोलत नाही. घराच्या वाटणीवरून झालं, दोन्हीकडून वाईट शब्द गेले, माझ्याकडून जास्त. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव त्याचं. 2022 च्या उन्हाळ्यात मला धीर धरवला नाही. एका नातेवाइकाला मधे घातलं, निरोप पाठवला, आईच्या तब्येतीचं दडपण आणलं. त्याने होता तो नंबरही बदलला. त्या आठवड्यात माझ्या वाचनात पहिलं शमुवेल 13 आलं. शौलाने घाई केली एवढंच आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याने शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली होती! ठरलेले पूर्ण सात. माणसं पांगत होती, समोर शत्रू, पलिष्टी. मग त्याने स्वतःच होमबली केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल आला. मला शौलाची कधी नव्हे ती कीव आली. सातव्या दिवसाच्या संध्याकाळी माझ्यासारखीचा काय निभाव लागणार?

या वहीने त्यानंतर एक गोष्ट केली, ती तिच्या रचनेमुळेच झाली. प्रत्येक वर्षी त्याच तारखेला खाली लिहिताना वरची विनंती परत लिहायचा कंटाळा येतो. "भावाने माफी मागावी" हे 2021 मध्ये मी ऐटीत लिहिलंय. 2022 ला तसंच. 2023 ला "भावाशी बोलणं व्हावं." 2024 ला "त्याला बरं असू दे." मी ठरवून काही बदललं नाही. वरचं दिसत असलं की तेच तसंच उतरवून काढायला हात धजत नाही एवढंच. वाट पाहता पाहता मागणंच बारीक झालं, किंवा मोठं झालं, मला सांगता येत नाही.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक. 130 वं स्तोत्र सप्टेंबरच्या एका पानावर आहे, आणि ते मात्र पूर्ण आठ वचनांचं छापलंय, त्याबद्दल आभार. पहारेकरी सकाळची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, आणि ही पहारेकऱ्यांची ओळ कवी लगेच परत म्हणतो. ज्याने रात्र काढलीय त्यालाच हे दोनदा म्हणणं कळतं. साडेतीन ते पाच या वेळात घड्याळ हलत नाही. पण पहारेकरी नुसता बसून नसतो. आमच्याकडे पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. बीपी बघा, सलाईन बघा, वळवा, पुन्हा बघा. सकाळ यातल्या कशानेच लवकर येत नाही. सकाळ झाली तेव्हा पेशंटची पाठ शाबूत असते इतकंच. मी प्रार्थनाही हल्ली साधारण तशीच करते, नावं घेते, कूस वळवते, पुढच्या बेडवर जाते. मंडळीत साक्ष देण्यासारखं यात काही नाही.

22 सप्टेंबर 2025 च्या चौकटीत आहे: "नवा नंबर मिळाला. फोन केला. त्याने उचलला. बोलला नाही, पण लगेच ठेवलाही नाही. मागे टीव्ही चालू होता." रकान्यात मी टिक केली नाही, फुलीही नाही. पेनाचा एक ठिपका आहे. त्यानंतर दोनदा केला, उचलला नाही.

तर मत. कागद-शिवणीला पाचपैकी चार, रिबिनीला शून्य, वचनांच्या निवडीला दोन, 'उत्तर'च्या रकान्याला एक (इन्चार्जबाईंसाठी). एकाखाली एक पाच वर्षांच्या कल्पनेला पैकीच्या पैकी. घ्यावी का? ज्यांना लवकर काही व्हायला हवंय त्यांनी घेऊ नये, साधी रोजची वही बरी. नुकतंच कुणी गेलंय त्यांनीही वर्षभर थांबून घ्यावी. वर्षानंतर ती तारीख परत समोर येते आणि वहीचं पान वळवून टाळता येत नाही. ज्यांच्याकडे बरीच वर्षं एकच विनंती आहे आणि ती आता मोठ्याने सांगायची लाज वाटते, त्यांना उपयोगी पडेल. कुणाला भेट देणार असाल तर सूचनांचं पहिलं पान हलक्या हाताने कापून द्या, शिवणीला काही होत नाही.

मी 2026 ते 2030 साठी तीच परत मागवली. या वेळी रिबीन पहिल्याच दिवशी काढून दोरा घातला. एक उणीव नव्याने लक्षात आली: जुन्या वहीतली राहिलेली नावं उतरवून घ्यायला कुठेही जागा ठेवलेली नाही. मी कव्हरच्या आतल्या बाजूला लिहिली. धाकट्याचं पहिलं.